सातवा

शनिवारी लाईट नसते, गिरणी बंद.
लॅम रोडला दराडेच्या शेडमध्ये आम्ही चौघं बसतो
पिठाच्या वासात. बोलतो ओरडूनच.
तोफखान्यातली माणसं, कानांचं काय सांगावं;
मी विचारतो, गुडघा कसा आहे,
खैरनार सांगतो, सून नाशिकरोडला गेली.

आज गांगुर्डे एक्स-रेचं पाकीट घेऊन आला.
म्हटलं झालं, आता मणका दाखवणार.
तर आतून निघाले फोटो,
एकमेकांना चिकटलेले, हळूच सोडवावे लागले,
ओल्या विड्याच्या पानांसारखे.

हा रिक्रूट असताना, भगूरच्या जत्रेत,
पुठ्ठ्याच्या विमानात बसलेला, टोपीखाली नुसते कान.
हा बडाखाना. हा कोण?
हा मीच.
चेहरा ओळखू आला नाही, बूट ओळखू आले:
डावा एक नंबर मोठा होता,
स्टोअरवाल्यानं शेवटपर्यंत बदलून दिला नाही.

मग तो एक.
कुपवाड्याच्या वर, सत्याऐंशीचा जानेवारी.
तोफेपुढं सहा जण. रंग उडून बर्फ गुलाबी झालंय,
लग्नातल्या सरबतासारखं.
डावीकडून मोजलं. आव्हाड, गेला.
दराडे, हा इथं बसलाय, ढेकर देतोय.
गांगुर्डे. मी. खैरनार, चष्मा नसलेला.
शेवटचा पिल्ले; त्याचा फोन लागत नाही,
आणि लागत नाही म्हणून कुणी लावतही नाही.

सहाच्या सहा मिळाले.
खैरनारनं चष्मा पुसला, म्हणाला,
काढला कुणी?

मला तोफेचा नंबर आठवत होता,
कुठल्या दिवशी डाळ करपली तेही.
कॅमेऱ्यामागचा माणूस, नाही.

फोटोत खाली एक सावली होती.
लांब, आमच्या बुटांना येऊन टेकलेली,
डोक्यावर कानटोपीचा गोंडा.
गांगुर्डेनं बोट ठेवलं: कोपर बघ, डावं वर आहे.
आणि दराडे, ज्याला नातवंडांची नावं उलटसुलट येतात,
एकदम म्हणाला: वाघचौरे. सॅम्युअल. शरणपूरचा.

डावरा होता. डाव्या बोटानं बटण दाबता यावं
म्हणून कॅमेरा उलटा धरायचा.
सिलीगुडीहून आणलेला यशिका,
रात्री गोठू नये म्हणून लोकरी मोज्यात घालून
पोटाशी घेऊन झोपायचा.
नाताळला स्टोव्हवर रव्याचा केक केला त्यानं,
आत कच्चा. आम्ही शपथेवर सांगितलं, झकास.
पुढच्या टेकडीवर असायचा, वायरलेसवर आवाज यायचा:
सौ घटाओ.
आम्ही घटवायचो. कशावर पडतंय ते
त्याला दिसायचं. आम्हाला नाही.
त्यानं कधी सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

मार्चात बदली झाली. नंतर पोस्टानं
प्रत्येकाला एकेक कॉपी आली.
मागं सहा नावं, मागं कलणाऱ्या अक्षरात.
स्वतःचं पाकिटावर लिहिलं असेल;
पाकिटं कोण ठेवतं.

शरणपूरला जाऊन विचारायचं ठरलं.
मंगळवारी. फार तर बुधवारी.
असं ठरतं आमचं.

तेवढ्यात बहुल्याकडून रेंजवर धप्प झालं,
शेडचे पत्रे थरथरले.
कानांनी नाही, तळपायांनी ऐकलं.
एकशेपंचावन्न, गांगुर्डे म्हणाला,
आणि कुणीच काही बोललं नाही,
चहावर साय धरेपर्यंत.

चारला दराडेची नात रेवा आली.
म्हटलं, आमचा एक काढ. भिंतीला नको, बाहेर,
ऊन पाठीशी ठेव तुझ्या.
उभे राहिलो. पोटं आत घेतली, जमतील तेवढी.
ती म्हणाली, आजोबा, माझी सावली येतेय.
येऊ दे, आम्ही म्हणालो, चौघंही;
दिवसभरात तेवढंच एक
सगळ्यांना एकदम ऐकू आलं होतं.

मग झालं का, झालं का, विचारत
किती वेळ तसेच उभे.
बटणाचा आवाज कुणालाच आला नाही.