कानाला खडा

वामेच्या कानात एक खडा असतो,
तिळाएवढा, दुधी.
वय मोजायचं तर तो काढावा लागतो
आणि तो काढायचा तर वाम...
हे वाक्य मेरेआना प्रबंधात पुरं करत नाही.
नमुना क्रमांक ४१, एवढंच लिहिते.

साउथलंडची रात्र. प्रयोगशाळेतला हीटर बंद,
शिष्यवृत्तीचे उरलेत सात महिने.
सूक्ष्मदर्शकाखाली वलयं: बारा, तेरा,
इथं एकाएकी दाटी,
धरण बांधलं त्या साली.
त्रेपन्न. चहा गार. नजर चुकली,
पुन्हा पहिल्यापासून.
एकाहत्तर.

म्हणजे तामातीकाकाहून थोरली.
त्यानंच जाळं लावून दिलं होतं,
छातीभर पाण्यात उभं राहून,
आणि विचारलं होतं,
"ही टोंगाच्या समुद्राकडे निघाली होती,
अंडी घालायला, जन्मात एकदाच.
तुझं काम किती दिवसांचं?"

पहाटे ती गाइडला मेल लिहिते:
एक्केचाळीस पुरेत.
टाकीतल्या उरलेल्या नऊ जणी
काल टेम्पोतून धरणाच्या खाली सोडल्या.
आकडेवारीत हे कुठं बसवायचं
तुम्हीच सांगा.

उत्तर आलंय.
तिनं अजून उघडलेलं नाही.
बुटांतलं पाणी
ती खिडकीबाहेर ओतते आहे.