शून्याचा पट्टा

त्यालिंग विआर्दा गोठ्याच्या दारावर
खडूने बेरीज मांडतो :
एक जानेवारीपासून रोजचं सरासरी तापमान,
शून्याखालचा दिवस धरायचा नाही.
दोनशे भरले की पहिलं खत.
आज एकशे ब्याऐंशी.
माझ्या हातातलं गिरमिट बघून म्हणाला,
"दाराला विचारलं असतंस तरी चाललं असतं."

फ्रीसलँडची ही कुरणं समुद्रापेक्षा खाली.
पाऊल उचलावं तर चिकणमाती बूट मागून घेते.
मी नागमोडी चालते,
दर पंधरा पावलांवर टाचेनं गिरमिट रोवते,
अर्धी वीत, त्याहून खोल नाही.
शेणाचे पो टाळते, फाटकही टाळते.
धारेच्या वेळी गायी तिथं खोळंबतात;
तिथली माती खोटं नाही बोलत,
फार बोलते.

चाळीस टोचण्या, एक बादली.
मुळांचा गुंता, अर्धं गांडूळ,
शिंपल्याचा चुरा.

कोपऱ्यात दोरी लावून राखलेला
तीन मीटरचा पट्टा :
चार वर्षं ना शेणकाला, ना दाणेदार खत.
फोक्येनं आखलेला, त्याच्या बायकोनं.
"हिला आपणहून काय येतं, ते तरी कळू दे."
शेजारी म्हणाले, कुरणाला खरूज झाली.
गवत फिकं आहे तिथलं, नाही कसं?
पण आहे. घोट्याच्या वर आहे.

त्या पट्ट्याची माती मी वेगळ्या पिशवीत भरली
आणि तेवढ्यात गाय अडली.
वासराचे पाय दोरीनं ओढताना
त्यालिंग, फोक्ये आणि मी,
तिघांच्या कोपरापर्यंत एकच वास.
बाकीच्या पिशव्या बर्फाच्या पेटीत गेल्या.
ही मागच्या सीटखाली राहिली,
शुक्रवारची सोमवारपर्यंत,
काचेतून आलेल्या उन्हात.

प्रयोगशाळेतून आकडे आले.
पट्ट्यात नत्र कुरणाच्या दुप्पट!
फोक्ये फोनवर काहीच बोलली नाही,
मग म्हणाली, "त्याला सांगू?"

नको सांगू.
आकडा चुकला नव्हता,
फक्त तो कुरणाचा नव्हता,
माझ्या विसरण्याचा होता.
ऊब मिळाली तशी मातीनं
पिशवीतल्या पिशवीत चूल पेटवली,
जुनी मुळं मोडून मोडून
रांधत बसली तीन दिवस,
पंगतीला एकही पातं नसताना.

नमुना बाद, असं मी लिहून दिलं.
वहीत त्यासाठी एक चौकोन असतो.

बुधवारी परत गेले. दारावर एकशे सत्याण्णव.
वासरू उभं राहून आईला ढुशा देत होतं.
त्यालिंगनं पेटी स्वतः धरली,
दोरी ओलांडताना बूट झटकले,
घरात शिरताना झटकतात तसे,
आणि म्हणाला,
"इथं जरा हळू टोच."