कातीचा काउंट

वडगावात, मागांच्या गल्लीत
बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं.
रुद्राप्पा ओरडून म्हणाला, 'सर, नाव तेवढं सांगा त्याचं.
दोन महिने झाले पाळून, खरं कुळी कळेना.
निपाणीचा एकजण चाळीस हजार म्हणून गेलाय.'

काचेची पेटी, जुनी, माशांची.
तोंडाला मलमल, वर दोऱ्याचे चार फेरे.
आत कोऱ्या सुताच्या रंगाचं वेटोळं,
हळदीचं बोट लागलं न लागलं इतकंच पिवळं.
अंगावर रेघ नाही, ठिपका नाही.
डोकं वेटोळ्याखाली.

'लाजालंय ते,' सौजन्या म्हणाली. वय वर्षं सात.
'दिवसा असंच. रात्री फिरतंय मग.
डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे हाईत.
एकदा फ्रॉकच्या खिशात घालून शाळेला पण—'
आईनं डोळे वटारले. वाक्य तिथंच राहिलं.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बरण्या पुसल्या.
फॉर्मॅलिनमध्ये सगळेच साप शेवटी
याच रंगावर येतात.
पट्टे असते तर उंबऱ्यातूनच सांगितलं असतं:
कवड्याचे मानेकडे ठळक, शेपटीकडे विरत जाणारे;
मण्यारीचे नेमके उलट.
एक पाल गिळून झोपणारा,
एक झोपलेल्याला झोपेतच ठेवणारी.
याच्यावर कुणी काही छापलंच नव्हतं.

'कात टाकली का?'
टाकली होती. मल्लव्वानं ट्रंकेत,
पैशांच्या पिशवीत ठेवली होती, बरकत म्हणून.
काढताना कुरकुरली.

मी चष्मा पुसेपर्यंत रुद्राप्पानं भिंग आणलं,
पितळी, घडीचं, साडीवर टेकवून
इंचात किती तार ते बघायचं.
'रंगावरनं सूत कोण ओळखतंय, सर?
रंग आम्हीच देतोय की. काउंट बघायचा.'

कात पाण्यात भिजवली, पोटाकडून उलगडली,
पाटावर पसरली. बिनरंगाची, ओल्या कागदासारखी.
मी सांगितलं: अंगाच्या मधोमध धर, तिरक्या ओळीत मोज,
या बाजूच्या पोटपट्टीपासून त्या बाजूच्या पोटपट्टीपर्यंत.
सतरा भरले तर खुशाल खिशात घाल.
दुसरा आकडा मी सांगितला नाही.

तो माझ्याशी मराठीत भांडतो, मराठीत उधारी मागतो.
मोजतो मात्र कानडीत.
ओंदु, एरडु, मूरु...
तेवढ्यात लाइट गेली.
गल्लीभर माग एकदम थांबले,
आणि त्याचा आवाज अचानक फार मोठा झाला.
हत्तु. हन्नोंदु. हन्नेरडु.
हदिमूरु.
हदिनाल्कु.
हदिनैदु.

बोट थांबलं.
काठ दुमडलाय का, नखानं उचकून पाहिलं. नव्हता.
पुन्हा मोजलं, पहिल्यापेक्षा हळू.
मग पाठीची मधली ओळ मी स्वतः भिंगाखाली धरली:
सहा कोनांची, शेजारणींहून मोठी खवलं,
पोळ्याच्या घरांसारखी एकामागे एक.

'कट्ट हाव,' मल्लव्वा म्हणाली, मी तोंड उघडायच्या आधी.
हाव म्हणजे तिच्या भाषेत नुसता साप.
आमच्या भाषेत काय, ते मी बोललो नाही.
पैशांची पिशवी तिच्या मांडीवर तशीच उघडी होती.

लाइट आली. माग सुरू झाले,
पुन्हा सगळ्यांना ओरडावं लागलं.
रुद्राप्पानं मलमलीवर फळी ठेवली, फळीवर वरवंटा.
फॉरेस्टवाल्यांचा नंबर मी
विजेच्या बिलामागं लिहून दिला. दोनदा चुकलो.

सौजन्या पेटीपाशी गुडघे टेकून बसली होती.
काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही.
वाकलो, कान तिच्या तोंडाशी नेला.

'तवा पण पंधराच होते की,' ती म्हणाली,
'खिशात होतं तवा.'