घट

उजवा कोइमतूरलाच गेला होता.
सदतीस वर्षांच्या गलाईत तेजाबाचा एकच शिंतोडा.
राहिला डावा.
गेल्या आखाडात त्याचाही पडदा सुटला,
ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा,
आणि मिरजेच्या मगदूम डॉक्टरांनी आत तेल भरलं.

मण्यात लाख भरतात तसं? मी विचारलं.
तसंच, म्हणाले. चेपू नये म्हणून.

पहिला महिना पालथा.
विट्याच्या घरातली शहाबादी फरशी पाठ झाली,
तिसरीत मुंगीएवढी भेग.
शालन चहाची बशी जमिनीवरनं सरकवायची,
मी वासरासारखा तोंड खाली घालून प्यायचो.
मग उठलो, हिंडलो,
पण सगळं विहिरीच्या तळातून बघितल्यागत.
माणूस आवाजानं ओळखायचा,
नोट बोटानं.

माघात तेल काढलं.
भूल फक्त डोळ्याला, कान मोकळे.
सिस्टर कुणाला तरी सांगत होती,
तासगावच्या रस्त्याला द्राक्षाचा टेम्पो उलटलाय.
आणि आतल्या आत काहीतरी ओढलं गेलं,
दाट, सावकाश,
थंडीत डब्यातनं काकवी निघते तसं.

संपल्यावर म्हटलं, दाखवा.
डोळ्यावर पट्टी,
म्हणून त्यांनी सिरिंज तळहातावर ठेवली.
प्लॅस्टिकचं वजन सोडलं
तर अर्धा तोळा. जरा कमीच.
हात अजून चुकत नाही माझा.
एवढ्याशानं सात महिने पडदा धरला?
आणि आता, त्याचा तो धरेल?
डॉक्टर लगेच बोलले नाहीत.
मग म्हणाले, बघू.
डाग मुशीत टाकताना
मीही गिऱ्हाइकाला हेच म्हणायचो.

महिन्यानं चष्मा लागला.
तक्त्यावरच्या चार ओळी वाचल्या, पाचवीला अडलो.
तेलाचा एक थेंब मागं राहिलाय.
तो वर तरंगतो, पण मला खाली दिसतो;
डोळ्यात सगळं उलटं पडतं म्हणे.

घरी शालननं ताट वाढलं.
तिच्या हातातली पाटली पिवळी.
फार पिवळी.
सोनं असं ओरडत नाही.
बेन्टेक्स.
माझ्यासमोर, रोज, सात महिने.

घट किती आली
हे गलाईवाल्यानं सांगायचं असतं,
विचारायचं नसतं.
मी भाकरी मोडली.
मीठ जास्त झालंय का, तिनं विचारलं.
नाही म्हटलं, आणि मान जरा खाली घातली.
थेंब हलला,
पाटलीवर जाऊन बसला.