विंगेतून

सोहारच्या इंडियन स्कूलचा हॉल,
भाडं पन्नास रियाल, दहाच्या आत रिकामा करायचा.
पडद्यावरचा राजवाडा पळशीकरांनी रंगवला,
तो झालाय थेट इथल्या किल्ल्यासारखा,
तेच गोल बुरूज, तोच वाळूचा रंग.
वर एक मोर बसवला आहे,
नाटक आपलं आहे हे कळावं म्हणून.

मी विंगेत, स्टुलावर.
मांडीवर वही, हातात टॉर्च, टॉर्चला लाल जिलेटीन.
पदर खोचलेला, चपला काढून ठेवलेल्या.
प्रॉम्प्टरच्या पायांचा आवाज होता कामा नये.

शंभर वर्षांपूर्वीचं संगीत नाटक.
राजपुत्र माळी होऊन बागेत शिरतो,
नायिकेनं त्याला पहिल्या प्रवेशातच ओळखलेलं असतं,
पण तसं बोलून टाकलं
तर उरलेले अंक काय करायचं?

राजपुत्र म्हणजे अच्युत.
वय एकावन्न, पोर्टवर शिफ्ट सुपरवायझर,
बावीस वर्षं माझा नवरा.
नायिका अनुराधा तेरदाळ, दातांच्या दवाखान्यात असते.
गळा असा की पेटी ओशाळावी,
पण पेटी नाहीच, थॉमसचा चर्चमधला कीबोर्ड आहे.
दुसऱ्या अंकात त्यानं ऑर्गन समजून भलतंच बटण दाबलं
आणि विरहाच्या पदाला भांगड्याचा ढोल लागला.
लोकांनी वन्समोअर दिला.

तर सांगायचं असं,
की या नाटकातलं प्रत्येक प्रेमाचं वाक्य
आधी मी बोलते.
अर्धा श्वास आधी, ओठांतल्या ओठांत.
‘हे मृगाक्षी’ मी म्हणते, मग तो म्हणतो.
‘तू नसताना ही बाग म्हणजे नुसतं पाणी घालणं’
मी म्हणते,
मग तो, हात पसरून, तिला.
घरी आम्हाला वाक्यं कमी लागतात.
गॅस आला का.
एसी गळतोय.
कार्ड कधी संपतंय, तुझं की माझं आधी.
ती त्याची पाठ आहेत.

तिसरा अंक.
मिशीचा डिंक घामानं सुटत चाललेला,
पुढच्या रांगेतलं एक पोर तिकडंच बोट दाखवतंय.
अच्युत गुडघ्यावर बसला
(उठायला विदूषकाच्या काठीची सोय केली आहे)
आणि थांबला.
वाक्य गेलं.

माझ्या बोटाखाली होतं ते, काना-मात्रेसकट.
थॉमसनं सूर धरून ठेवला.
अनुराधा वेचलेलीच फुलं पुन्हा वेचू लागली.
अच्युतनं मान वळवली. विंगेकडे.
काजळ घातलेले, घाबरलेले डोळे,
माझ्याकडे काहीतरी मागणारे.
असं कधी बघितलं होतं त्यानं?
मला आठवेना.

मी टॉर्च विझवला.
एक.
दोन.
(मंडळाच्या वहीत ‘बॅटरी संपली’ अशी नोंद आहे.
राहू द्या.)
तीन.

मग दिलं.
‘ओळख दे, सखे,
माळ्याच्या हाताला फुलांचा वास पुरत नाही.’
पहिले दोन शब्द त्यानं इकडे बघूनच म्हटले.
उरलेले वळून, तिला.
टाळ्या कडाडल्या. लोकांना वाटलं, केवढा हा पॉझ,
जुन्या नटांसारखा.

पावणेदहाला वॉचमन किल्ल्या वाजवत आला,
राजवाडा गुंडाळला, मोर बाहेर राहिला
तो कुणाच्या तरी डिकीत गेला.
कोस्ट रोडवर धूळ होती, आणि मासळीचा वास.
अच्युत एका हातानं गाडी चालवत
वरच्या ओठावरचा डिंक खरवडत होता,
शेवटचं पद गुणगुणत होता.
दुसऱ्या ओळीत शब्द चुकत होते.
मी सांगितले नाहीत.

राउंडअबाउटला त्यानं विचारलं,
‘दूध आहे ना घरात?’
मी जरा थांबले.
त्यानं मान वळवून पाहिलं.

‘आहे,’ मी म्हणाले.