आत किती?

पेपरात आलंय, काल सोलापूर त्रेचाळीस पूर्णांक आठ.
तो बाहेरचा आकडा.
पांढऱ्या जाळीच्या पेटीत, सावलीत,
जमिनीपासून चार फूट वर टांगून मोजलेला.
विडी घरकुलात आमच्या पत्र्याखाली आत किती,
ते कुणी विचारायला आलं नाही.

मी रातपाळीचा.
टॉवेलच्या मागावरून सकाळी आठला घरी येतो,
कानात अजून खटक् खटक्,
आणि झोप सावलीमागं ओढत नेतो.
दहापर्यंत पश्चिमेच्या भिंतीला चिकटून,
मग मधोमध,
बारानंतर मोरीजवळ, जिथं फरशी ओली असते
आणि उशाशी बादली.
चारला पश्चिमेची भिंत पेटते,
तेव्हा खाट उंबऱ्याबाहेर, लिंबाखाली.
शहाबादीवर खाटेच्या पायांचे ओरखडे उठलेत.
पाहुणे विचारतात, हे काय बे?
मी म्हणतो, घड्याळ.

राजमणीचं मोजमाप वेगळं.
मांडीवर सूप, हातात कात्री.
पान बोटाखाली मऊ वाकलं, तर घर ठीक आहे.
कड तडकली, की आतली हवा बिघडली.
घरात गोणपाट एकच.
ते भिजवून ती आधी पानांवर टाकते.
पानं निवली, की तेच माझ्या छातीवर.
मी कधी भांडलो नाही.
तडकलेली विडी कारखान्यात छाटात जाते,
तडकलेली झोप मोजायला कुणी बसत नाही.

कूलर घेतलाय, हप्त्यानं.
तो दिवसाला तीन घागरी पितो
आणि नळ येतो पाचव्या दिवशी.
आम्ही पाण्याला विचारून कूलर लावतो,
अंगाला विचारून नाही.

मेच्या शेवटी अक्कलकोटच्या अंगानं ढग येतात.
नुसते येतात.
आकडा सदतीसवर उतरतो, पेपर म्हणतो, दिलासा.
त्या दिवशी पानं लोण्यासारखी, राजमणी गुणगुणते,
आणि कूलर माझ्यावर ओल्या फडक्यासारखी हवा टाकतो.
घाम वाळत नाही, गळ्यात साचून राहतो.
एकच घर, एकच दुपार,
तिची बरी आणि माझी वाईट.
पेपरवाल्यानं कुणाची छापावी?

सुट्टीच्या रात्री अकराला बाहेर वारा सुटतो.
गल्लीतली कुत्रीसुद्धा पाय ताणून झोपतात.
आत येऊन भिंतीवर तळहात ठेवला,
तर दुपारचे तीन वाजलेले असतात.
भिंत उसनं ठेवत नाही.
दिवसभर घेतलेलं सगळं
रात्री आमच्या अंगावर मोजून परत करते.

चिट्याल मास्तर म्हणाले, पत्र्याला चुना मार,
थोडा डिंक घाल, वाऱ्यानं उडणार नाही.
पहाटे साडेपाचला वर चढलो.
श्रावणीनं शाळेच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणला होता,
मॅडमना सांगून की न सांगता, मी विचारलं नाही.
कॅलेंडरच्या खिळ्याला तो टांगला.
चुन्याआधी दुपारी दोनला पंचेचाळीस,
चुन्यानंतर एक्केचाळीस.
बाहेर दोन्ही दिवस तेच त्रेचाळीस.
ती वहीत लिहीत म्हणाली, फरक चार अंश.
राजमणीनं मान वर केली नाही.
चार अंश म्हणजे किती?
मग तिनंच सूप झाडून सांगितलं,
दोन-अडीचशे पानं.

पहिल्या मोठ्या पावसात चुना वाहून जाईल, ठाऊक आहे.
पन्हाळीखालची माती पांढरी होईल,
पुढच्या चैत्रात पुन्हा शिडी मागावी लागेल.

पण काल जाग आली, तेव्हा उजेड तिरपा झाला होता.
मी दचकलो. कुणी गेलं का, पाळी चुकली का?
अडीच वाजले होते.
खाट मधोमधच होती.
पायाखालचा ओरखडा दहाचा,
मोरीजवळचा रिकामा.
मी पडल्यापडल्या तिकडं बघत राहिलो,
जुनं घड्याळ बंद पडलं,
तर माणूस बघतो तसा.