बेगायिमसाठी, कपाटात ठेवलेलं

किल्ली चुलीमागच्या खिळ्याला आहे.
उघडताना दार जरा वर उचल,
म्हणजे करकरत नाही.
करकरलं की पहिलीची सव्वीसच्या सव्वीस डोकी
फळा सोडून तिकडे वळतात,
आणि मग वळवून आणायला अर्धा तास.

सगळ्यात खाली, लोकरी मोज्यात,
चुको आहेत, मेंढीच्या घोट्याची हाडं,
एकोणचाळीस.
बेरीज त्यांच्यावरच शिकव.
फळ्यावरचा आकडा बोटांना लागत नाही.
हाड लागतं, गार लागतं,
खिशात टाकावंसं वाटतं.
दहा-दहाचे ढीग घाल; एक ढीग लंगडा राहील.
राहू दे.
हातचा म्हणजे काय ते
त्या लंगड्या ढिगापाशीच उमजतं.

कुरुतच्या गोळ्या मात्र मोजायला देऊ नकोस.
मी एकदा दिल्या होत्या.
वजाबाकी फार सुरेख झाली,
उत्तर कोणाच्याच वहीत नव्हतं.

मधल्या फळीवर नमद्याची अक्षरं, छत्तीस.
शिरदाक शिवून उरलेल्या कातरणांची,
म्हणून काही लाल, काही मेंढीच्याच रंगाची.
डोळे मिटून हाताळायला दे.
शेपूटवालं 'ङ' सिर्गाला
अख्खा हिवाळा फळ्यावर दिसलं नाही.
एका दुपारी अंगठ्याला दिसलं.
त्या दिवशी ती घरी जाईपर्यंत
ङ ङ ङ करत होती, मधमाशीसारखी.

ओरडू नकोस.
या उंचीवर आपल्यालाच दम लागतो,
आणि ही कुरणातली पोरं,
डोंगरापलीकडून आलेल्या हाका
न ऐकल्यासारख्या करण्यात तरबेज.
कुजबुज.
मागच्या बाकावरचे आधी गप्प होतात;
त्यांना वाटतं, आपल्यापासून काहीतरी लपवतायत.

कोळसा कागदावर मार्चपर्यंत पुरतो.
चुलीत जानेवारीपर्यंत.
मधल्या दिवसांसाठी उड्यांचे पाढे आहेत:
दोन, चार, सहा, जागच्या जागी.
सातच्या पाढ्याला घाम येतो.
नवाच्या पाढ्याला कोट उतरतात.

गणिताच्या पुस्तकाची पानं चाळीस-एकेचाळीस
मी दोऱ्यानं एकमेकांना शिवून टाकली आहेत.
उसवू नकोस.
तपासनीस विचारतील, माझं नाव सांग.
तिथे उदाहरण आहे:
घरात पाच माणसं. दोघं कामाला दूर गेली.
किती राहिली?

ऊलुकमाननं लिहिलं, पाच.
मी लाल शाईनं काट मारली.
तो तेव्हा काही बोलला नाही.
शाळा सुटल्यावर राखेची बादली ओतून आला,
दारातच उभा राहिला, म्हणाला,
"एझे, आम्ही पाचच आहोत.
दोघं फक्त येकातेरिनबुर्गला आहेत."

रात्री मी वहीवर खोडरबर घासला.
लाल शाई जात नाही त्यानं.
कागद जातो.
भोकावर एक चिठोरी डकवली
आणि माझ्या अक्षरात लिहिलं, पाच.
बावीस वर्षांच्या नोकरीत
दुसऱ्याच्या वहीत लिहिलेलं
माझं हे एकच उत्तर.

तेव्हापासून वजाबाकी मेंढ्यांची.
तीही जपून कर.
लांडग्याचं नाव निघालं की तास संपला,
प्रत्येकाकडे एक लांडगा असतो
आणि तो सांगितल्याशिवाय कोणी बसत नाही.
ऐकून घे. त्यातच तुझा भाषेचा तास.

मोज्यात तू चाळीसावा चुको शोधशील.
नाही सापडणार.
कोणाच्या खिशात आहे, मला माहीत आहे.
मागू नकोस.

आणि हो, खडू रात्री चुलीच्या कठड्यावर ठेव.
नाहीतर सकाळी ते लिहीत नाहीत,
नुसते किंचाळतात.